कोणी, केव्हा पाहिलं

"फुकटचं ॲप चाललंय की व्यवस्थित. पैसे कशाला ओतायचे त्यात?" शैला म्हणाली आणि मोबाईल टेबलावर पालथा ठेवून तिने खारी उचलली.

"व्यवस्थित कुठे चाललंय?" रेहाना म्हणाली. "मागच्या वर्षी हंपीत नेट गेलं आणि सगळा कार्यक्रमच दिसेनासा झाला. भर उन्हात उभं राहून तू मलाच विचारत होतीस, आता कुठे जायचं. पैसे भरलेल्यात नेट नसलं तरी दिसतं म्हणे."

"मग कागदावर लिहून घेऊ. बावीस वर्षांतली वीस वर्षं कागदावरच फिरलो ना?"

फेब्रुवारीतली दुपार होती. मिरजेत रेहानाच्या घरी आम्ही तिघी बसलो होतो आणि एप्रिलात कुमाऊंला जायचं ठरत होतं. मी नलिनी अष्टेकर, भूगोलाची. शैला कुपवाडे गणिताची, रेहाना बागवान हिंदीची. सांगलीत मुलींच्या एकाच शाळेत आमची उमर गेली आणि निवृत्त झालो तेही दोन-तीन वर्षांच्या अंतराने. दरवर्षी एक सहल, हा नेम मात्र सुटला नव्हता. खरं तर आम्ही चौघी. चौथी हेमलता कोरे, विज्ञानाची. सहलीचा सगळा बेत तीच आखायची. कोणती गाडी, कुठे उतरायचं, कुठे मुक्काम, शैलाच्या गुडघ्याला किती पायऱ्या झेपतील, सगळं. हे सहलीचं ॲपही तिनेच शोधून आमच्या मोबाईलवर घालून दिलं होतं. त्याआधीच्या श्रावणात ती गेली. पोटाचा कॅन्सर. आम्हाला कळलं मे महिन्यात, आणि ऑगस्टमध्ये सगळं संपलं.

शैलाने चार दिवस खपून आणखी दोन ॲपं उतरवून पाहिली होती. एकात दर मिनिटाला जाहिरात. दुसऱ्याने कौसानीहून मुन्सियारी तीन तासांत पोचवलं होतं.

"तीन तासांत गरुड जाईल," मी म्हटलं. "रस्ता डोंगराला वळसे घालत जातो. दिवस जाणार आपला."

"म्हणजे हेमाचंच बरं," रेहाना म्हणाली.

"बरंच आहे. पण त्यात चारच माणसं बसतात," शैला म्हणाली. तिची धाकटी बहीण कुसुम या वेळी आमच्याबरोबर यायची होती. "कुसुमला घालायचं तर पैसे भरा म्हणतंय."

"चार कुठे? आपण तिघीच..." मी बोलता बोलता थांबले.

ॲपच्या वरच्या कोपऱ्यात चार गोल होते. न, शै, रे आणि हे. हेमाचा गोल निळा होता. त्यावर बोट दाबून धरलं की 'सदस्य काढा' असं यायचं.

"काढ तू," शैला मला म्हणाली.

"मी नाही काढणार. तू काढ."

रेहाना उठली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली. तो विषय तिथेच संपला. शेवटी ठरलं ते असं, की पैसे भरलेली आवृत्ती सात दिवस फुकट वापरायला मिळते, ती मी घ्यायची, कुसुमला घालायचं आणि सात दिवसांत पैशाचं चीज होतंय का ते बघायचं. हेमा जिथे आहे तिथे राहू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा, नाश्ता आटोपून मी खिडकीपाशी बसले आणि ते सुरू केलं. लगेच कुसुमचा गोल उमटला. नकाशे उतरले. खाली नव्या सोयींची यादी आली. त्यात एक होती, 'कोणी, केव्हा पाहिलं'. मला वाटलं, चला, शैला वाचते की नाही ते तरी कळेल. ती कधीच काही वाचत नसे आणि मग गाडीत बसल्यावर विचारत असे. मी ते दाबलं.

प्रत्येक दिवसाच्या कार्यक्रमाखाली आम्ही एकमेकींना लिहिलेल्या टिपा होत्या. आता त्या प्रत्येक टिपेखाली बारीक अक्षरांत नावं आली.

शैलाने काल संध्याकाळी लिहिलं होतं, 'दिल्लीत गाडी बदलायला अडीच तास आहेत, पुरतील.' त्याखाली: नलिनी, काल ७.१०. रेहाना, काल ९.०५. हेमलता, आज ५.४२.

मी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. हेमलता, आज ५.४२.

त्याच्या वरची टीप परवाची. हेमलता, काल ५.३९. त्याच्या वरची. हेमलता, ५.४०. मी बोटाने वर सरकवत गेले. जानेवारी, डिसेंबर, नोव्हेंबर. एकही टीप सुटली नव्हती. जिला मातीआड होऊन सहा महिने झाले, ती रोज पहाटे उठून आमचं लिहिलेलं वाचत होती.

अंगावर काटा येणं म्हणजे काय ते मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण त्या अर्ध्या मिनिटात कुणी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं देव जाणे.

मग डोकं ठिकाणावर आलं आणि जे सुचलं ते भुताहून वाईट होतं. हेमाचा फोन कोरेंकडे आहे.

कोरे म्हणजे हेमाचे यजमान, शिवलिंग कोरे. रेल्वेत होते, स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झाले. उंच, मोजकं बोलणारा माणूस. हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आम्ही त्यांना मनातून कधीच माफ केलेलं नव्हतं. रविवारची भिशी म्हटली, गॅदरिंगची संध्याकाळची तालीम म्हटली, कुणाच्या घरचं केळवण म्हटलं, की हेमाचं ठरलेलं वाक्य: "कोरे नको म्हणतात." सहलीला तेवढी यायची, आणि तीही आदल्या वर्षी आली नाही. हंपीला निघायच्या दोन दिवस आधी तिचा फोन आला. कोरे नको म्हणतात. आम्ही तिघी गेलो, आणि ती तिची शेवटची संधी होती हे कळल्यावर त्या माणसाचं नाव जरी निघालं तरी आमच्या तोंडाला कडवट चव यायची.

फोनवरच्या आमच्या चौघींच्या गटात आम्ही हेमा गेल्यापासून अवाक्षर लिहिलं नव्हतं. तिथे लिहिलं तर तिच्या फोनवर जाईल, कोरे वाचतील, एवढी अक्कल आम्हाला होती. म्हणून सगळं बोलणं आम्ही इकडे, सहलीच्या टिपांमध्ये आणलं होतं. हे जणू आमचं आतलं माजघर. तिचा गोल वर कोपऱ्यात निळा दिसत होता, आणि त्याच्या मागे एक जिवंत माणूस बसलेला असेल हे तिघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मी नोव्हेंबरवर गेले. काय लिहिलंय ते मला पाठ होतं, तरी वाचलं.

शैला: 'बाईमाणसाला शेवटची हंपीसुद्धा करू दिली नाही. कसला नवरा.'

रेहाना: 'मातीला गेलो तेव्हा डोळ्यांत टिपूस नव्हतं. घड्याळ बघत होते. मी पाहिलं.'

आणि त्याखाली मी: 'खरं सांगू? सुटली ती.'

हेमलता, ५.४१.

मी साडी बदलली, स्कूटर काढली आणि सांगलीहून मिरजेला कोरेंच्या घरी निघाले. शैलाला किंवा रेहानाला फोन करावा असं वाटलंच नाही. तिथे जाऊन काय बोलणार होते तेही ठरवलं नव्हतं. विश्रामबागेचा सिग्नल मी कसा ओलांडला ते आठवत नाही. मागून ट्रकवाल्याने केलेली शिवीगाळ तेवढी आठवते.

दार कोरेंनीच उघडलं. अंगात धुतलेला पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे पट्टे. मला पाहून त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"या, अष्टेकरबाई," ते म्हणाले. "बसा."

टेबलावर हेमाचा फोन चार्जिंगला लावलेला होता. त्यांचा स्वतःचा साधा, बटणांचा फोन शेजारी होता. मी दोन्हीकडे पाहिलं आणि त्यांनी माझं पाहणं पाहिलं.

"तुम्ही वाचता," मी म्हटलं. नमस्कार नाही, चौकशी नाही, एकदम तेच बाहेर पडलं.

"वाचतो."

"सगळं?"

"सगळं. वाचायला नको होतं. दुसऱ्याच्या चिठ्ठ्या वाचू नयेत. पण मी उघडलं ते गाड्या बघायला." त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. "दिल्लीची जोडगाडी तुम्ही चुकवणार आहात, बाई. अडीच तास कागदावर आहेत. आपली गाडी दिल्लीला वेळेवर फार कमी पोचते, आणि काठगोदामची सुटते दुसऱ्या स्टेशनावरून. कुपवाडेबाईंचे गुडघे, सामान, मधे शहरातली गर्दी. एक मुक्काम करा दिल्लीत. मला लिहायचं होतं तिथे. पण लिहिलं असतं तर तिच्या नावाने उमटलं असतं. तुम्ही घाबरला असता."

हा माणूस तीन महिने माझं 'सुटली ती' पोटात घालून माझ्या जोडगाडीची काळजी करत होता. मला कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. मी म्हटलं, "कोरेसाहेब, मी जे लिहिलं..."

"थांबा," ते म्हणाले. "माफी नका मागू. मला एक विचारायचंय. महिने झाले, विचारायला माणूस मिळत नाही." त्यांनी दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले. "तुम्ही लिहिलंत, सुटली. ते मनाने लिहिलंत की ती तसं बोलली होती?"

"म्हणजे?"

"बावीस वर्षं तुम्ही एका डब्यातून फिरलात. बायका बोलतात एकमेकींशी. माझ्याजवळ नसेल बोलली. माझ्यापासून सुटायचंय असं कधी म्हणाली का? काहीही असो, सांगा. मी ऐकून घेईन."

टेबलावरच्या हातांची नखं पांढरी पडली होती.

मी आठवायला लागले. खरंच, प्रामाणिकपणे, सगळं खणून काढायला लागले. वर्षानुवर्षांचे प्रवास, डब्यातल्या गप्पा, धर्मशाळांतल्या खोल्या, शाळेतली मधली सुट्टी. शैला नवऱ्याबद्दल तासन् तास बोलायची. मीही काही कमी बोलले नव्हते. हेमा काय बोलायची? जितकं आठवावं तितकी मी गारठत गेले. कारण काहीच नव्हतं. एक तक्रार नाही, एक उसासा नाही. कोरे रागावतात असं नाही, हात उगारतात असं नाही, पैसे देत नाहीत असं नाही. जे होतं ते सगळं आम्ही तिघींनी रचलेलं.

"ती फक्त एवढंच म्हणायची," मी म्हटलं, "कोरे नको म्हणतात."

"एवढंच?"

"एवढंच. दुसरं एक अक्षर नाही. शपथेवर सांगते."

कोरेंनी डोळे मिटले. मग डोळे न उघडताच म्हणाले, "ते वाक्य मी दिलेलं आहे तिला."

मला कळलं नाही.

"लग्नाला तीन वर्षं झाली होती. शाळेतल्या एका बाईंनी हिला घरगुती शिकवण्यांत भागीदार हो म्हणून गळ घातली. हिला नको होतं. पण हिच्या तोंडून कुणाला नाही म्हणून निघायचं नाही, तुम्हाला माहीत असेल. चार दिवस जेवली नाही धड. मी म्हटलं, त्यात काय, माझं नाव सांग. कोरे नको म्हणतात म्हण. मी रेल्वेतला माणूस, आज इथे उद्या तिथे. तुमच्या लोकांत मला कुठे वावरायचंय? मी वाईट झालो तर काय बिघडतं?" त्यांनी डोळे उघडले. "मग ते लागूच पडलं. कुठे जायचा कंटाळा आला की येऊन सांगायची, आज परत तुमचं नाव खराब करून आले हो. आणि हसायची. आम्ही दोघंही हसायचो. ती होती तोवर काही बिघडलं नाही."

रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. मी तोंडावर पदर धरून बसले होते.

"आणि हंपी?" मी कसंबसं विचारलं.

"हंपीही तेच."

"पण हंपीला तर तिला यायचं होतं! तिनेच ठरवलं होतं सगळं."

"तुम्हाला मे महिन्यात कळलं, बाई. आम्हाला जानेवारीत कळलं होतं. निघायच्या आदल्या आठवड्यात उभं राहवेना तिला. मी म्हटलं, मैत्रिणींना सांग आता. तर म्हणाली, मी आजारी म्हटलं तर त्या तिघी जाणार नाहीत, माझ्या उशाशी येऊन बसतील. तुम्ही नको म्हणालात म्हटलं, तर चिडून का होईना, जातील," ते म्हणाले. "आणि तुम्ही गेलात."

आम्ही गेलो होतो. चिडून गेलो होतो. गाडी सुटल्यावर पहिला तासभर या माणसाला शिव्या घालत गेलो होतो.

"मातीच्या वेळी रेहानाबाईंनी मला घड्याळ बघताना पाहिलं, ते खरं आहे," ते म्हणाले. "माझा भाऊ सोलापूरहून गाडीने येत होता. गाडी लेट होती. त्याला तोंड दिसावं म्हणून मी थांबवून धरलं होतं सगळ्यांना."

मी विचारलं, की रोज पहाटे पावणेसहालाच का.

"चहाची वेळ आमची. ती फोन धरायची, मी गाड्या सांगायचो."

"म्हणजे आमच्या सहली..."

"बेत तिचा. जोडगाड्या माझ्या." पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "तुम्हाला सांगू नका म्हणायची. म्हणायची, कळलं तर त्या तुम्हालाच फोन करतील, मग मला कोण विचारणार?"

हे इतकं हेमासारखं होतं, की मी रडता रडता हसले. मग पर्समधून फोन काढला आणि म्हटलं, "मी ते पुसून टाकते. आत्ता, तुमच्यासमोर. आम्हा तिघींचंही."

"पुसू नका," ते एकदम म्हणाले. "वर तिने लिहिलेलंही आहे, मागच्या वर्षीचं. तुम्ही एक काढायला जाल आणि चुकून तिचं जाईल. असू दे तसंच."

"मग मी काय करू?"

"ते मी कसं सांगू?"

मी टिपांवर गेले. माझ्या त्या चार शब्दांच्या खाली बोट ठेवलं आणि लिहिलं: 'वरचं मी लिहिलेलं खोटं आहे. आम्ही तिघींनी जे लिहिलं ते सगळं खोटं आहे. मी कोरेसाहेबांच्या घरी बसून हे लिहितेय. ते रोज वाचतात. नलू.' पाठवलं. टेबलावरचा हेमाचा फोन किणकिणला. त्यांनी तो उचलला नाही.

दोन मिनिटांत माझा फोन वाजला. रेहाना.

"नलू, तू कुठे आहेस? हे काय लिहिलंयस? रोज वाचतात म्हणजे?"

"म्हणजे रोज वाचतात. पहिल्यापासून."

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "मी लिहिलेलंही?"

"तूही, शैलाही. रेहाना, हंपीचं त्यांनी नव्हतं अडवलं. जानेवारीपासून माहीत होतं हेमाला."

फोन बंद झाला. मला वाटलं, आता ही पुढचे आठ दिवस घराबाहेर पडणार नाही. पण पाऊण तासाने बाहेर रिक्षा थांबली. रेहाना सांगलीला उलटी जाऊन शैलाला घेऊन आली होती. शैला सरळ आत आली, कोरेंसमोर उभी राहिली, काहीतरी बोलायला गेली आणि तिला बोलता येईना. पस्तीस वर्षं वर्ग दणाणून सोडणारी बाई ती. रेहाना उंबऱ्याबाहेरच थांबली. मान वर करत नव्हती.

"बाई, आत या," कोरे म्हणाले.

"कसल्या तोंडाने येऊ?"

"ऊन आहे बाहेर. या."

ती आली आणि दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर टेकली. मग कोरे आत गेले, त्यांनी चहा टाकला. कप तीनच सापडले त्यांना, स्वतः पेल्यात घेऊन आले. दिल्लीचा मुक्काम त्यांनी तिथेच शैलाला समजावून सांगितला. शैला मान हलवत राहिली, तिचं लक्ष नव्हतं.

ह्याला आता सहा वर्षं होतील. सात दिवस संपल्यावर मी पैसे भरले, कारण कोरेंना त्यांच्या स्वतःच्या नावाने घालायचं होतं. प्रवासासाठी ते पैसे वसूल झाले का म्हणाल, तर नाही. नकाशे फुकटच्यातलेही तेवढेच चुकीचे होते. आम्ही कुमाऊंला गेलो, पुढच्या वर्षी ओडिशाला. कोरे कधी बरोबर आले नाहीत. त्यांना गाडीत बसायची हौस नव्हती, गाड्या जुळवायची होती. रेहाना अजूनही त्यांच्याशी बोलताना अडखळते. काही गोष्टी चहा पिऊन मिटत नाहीत.

पण त्या दुपारी एक गोष्ट झाली. चहाचे कप तसेच पडले होते, आणि आता उठावं म्हणून मी पर्स उचलली. तेव्हा कोरे म्हणाले, "एक राहिलंय."

आम्ही तिघींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"हंपी कशी झाली तुमची? तिला ऐकायचं होतं. तुम्ही परत आल्यावर रागाने फोन केला नाहीत. नंतर केलात तेव्हा ती झोपलेली असायची. मग राहूनच गेलं. आम्ही दोन महिने बसून ठरवलं होतं ते, पण झालं कसं, काही कळलंच नाही."

शैलाने माझ्याकडे पाहिलं. मी पर्स खाली ठेवली. कुणी सुरुवात करावी ते आम्हाला कळेना. शेवटी दाराजवळून रेहानाच बोलली, मान खाली घालूनच.

"पहाटे होस्पेटला उतरलो आम्ही. अंधार होता अजून."

"किती वाजता?" कोरेंनी विचारलं.

"सव्वापाच."

"म्हणजे वेळेवर होती," ते म्हणाले, आणि खुर्ची तिच्याकडे वळवून बसले. "हं. मग?"